टेस्टिंगला पास, विहिरीवर बंद : कार्डातला दोष सोल्डरचा की स्टॅटिकचा?

पंप स्टार्टरचं कंट्रोल कार्ड लाइनवर पास होतं आणि दीड-दोन महिन्यांनी शेतावरून परत येतं. टेबलावर लावलं की कधी चालतं, कधी नाही. मग कोणीतरी सोल्डरिंग आयर्न उचलतं, सगळ्या जोडांना फ्लक्स (सोल्डर चिकटायला मदत करणारं रसायन) लावून एकेकाला बिट (आयर्नचं टोक) टेकवतं, कार्ड सुरू होतं आणि पुन्हा रवाना होतं. नेमकं इथेच नुकसान होतं. सगळे जोड वितळवल्यावर कुठला सुटला होता हे कधीच कळत नाही. दोष स्टॅटिकचा (घासण्याने साठलेल्या विजेचा) धक्का बसलेल्या आयसीत (चिपमध्ये) असेल, तर कितीही टच-अप केलं तरी ते कार्ड परत येणार. म्हणून पहिला नियम : कारण हाती लागेपर्यंत एकाही जोडाला बिट लावायचं नाही.

पुढचा क्रम हाताने सोल्डरिंग करणाऱ्या छोट्या युनिटसाठी आहे. कार्डावर रिले, छोटा ट्रान्सफॉर्मर, स्क्रू टर्मिनल, एक मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रामवर चालणारी चिप) आणि एक-दोन मॉस्फेट (गेट या पिनेवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) आहेत असं धरलं आहे. एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर, बॅटरी चार्जर यांनाही हाच क्रम चालतो.

आधी जिवाची काळजी. कार्डावर रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही त्यात ३२५ व्होल्टपर्यंत डीसी राहतं. १० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना लावून धरा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो. मग मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय सोडा. त्या ठिणगीने ट्रॅक उडतो, शेजारचा आयसीही जाऊ शकतो.

लक्षणं वाचायची कशी

परत आलेली कार्डं साधारण तीन जातींची असतात, आणि बरंचसं उत्तर इथेच मिळतं.

जोड सुटलेलं कार्ड लहरी असतं. गरम झालं की बंद पडतं, थंड झालं की चालतं, किंवा याच्या उलट. रिलेवर बोटाने दाबलं किंवा कार्ड जरा पिळलं की फरक पडतो. रिले कारण नसताना कटकट करतो. टर्मिनलच्या पायाशी तपकिरी डाग दिसतो. असे दोष पुन्हा पुन्हा त्याच जड भागांवर येतात : रिले, ट्रान्सफॉर्मर, टर्मिनल, हीटसिंकला कसलेला ट्रान्झिस्टर.

स्टॅटिकने मारलेलं कार्ड हट्टी असतं. ठोका, दाबा, गरम करा, काही बदलत नाही. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम चालतो पण एखादीच पिन मेलेली असते. मॉस्फेट पूर्ण बंद होत नाही, हाताला कोमट लागतो. काही कार्डांत स्टँडबाय करंट चांगल्या कार्डापेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतो, बाकी सगळं ठीक वाटतं. स्टॅटिकमधली ही शेवटची तऱ्हा सगळ्यांत वाईट, कारण ती टेस्टिंगला पास होते. गेटखालचा ऑक्साइडचा पातळ थर फाटलेला नसतो, नुसता इजा झालेला असतो. तो पुढे कधीतरी शेतावर फाटतो.

तिसरी जात ओलाव्याची. हिला बरेच जण स्टॅटिक समजतात. पावसाळी दिवशी सेन्सरचं रीडिंग सरकतं, फुंकर मारली तरी बदलतं, ब्लोअरने वाळवलं की जागेवर येतं. इथे आयसी शाबूत असतो, दोष फ्लक्सच्या चिकट थराचा असतो.

१. खर्च शून्य : वही काढा

परत आलेल्या प्रत्येक कार्डाची तीन गोष्टींची नोंद हवी : कोणत्या आठवड्यात बनलं, कोणत्या टेबलावर बनलं, आणि नेमका कुठला भाग गेला. कार्डावर कायमच्या शाईने आठवडा आणि टेबल नंबर लिहायला ५ सेकंद लागतात. ते नसेल तर आजपासून सुरू करा. पुढची प्रत्येक तपासणी या नोंदीवर चालते.

आपल्याकडचं हवामान या वहीत स्वच्छ उमटतं. विदर्भ-मराठवाड्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. पुणे-नाशिककडेही त्या दिवसांत हवा कोरडीच असते. या काळात बनलेल्या बॅचमध्ये आयसी आणि मॉस्फेट जास्त गेले असतील तर स्टॅटिकवर बोट ठेवा. जुलै-ऑगस्टच्या बॅचमध्ये जोडांत भोकं, पॅडला न चिकटलेलं सोल्डर आणि सरकणारी रीडिंग दिसत असतील तर ओलावा आणि साठवणूक तपासा. एकाच टेबलाची कार्डं परत येत असतील तर ऑपरेटरला बोलण्याआधी त्या टेबलाचं बिट आणि अर्थिंग बघा.

अजून एक खूण. दर वेळी तीच एक पिन मरते आणि ती बाहेर जाणाऱ्या लांब वायरची असते? मग दोष तुमच्या शॉप फ्लोअरचा असण्याची शक्यता कमी. मोटरच्या केबलमधून किंवा वीज कडाडल्यावर येणारा सर्ज त्या वाटेने आत शिरतो. त्याला सर्किटमध्येच सीरीज रेझिस्टर आणि संरक्षक डायोड हवा. रिस्ट स्ट्रॅप (अर्थिंगला जोडलेला मनगटाचा पट्टा) वाटून तो थांबणार नाही. मरणाऱ्या पिना विखुरलेल्या असतील तर मात्र शॉप फ्लोअरवर संशय घ्या.

२. भिंग आणि तिरपा उजेड

१० पटीचं भिंग आणि एका बाजूने पडणारा टेबल-लॅम्प एवढं पुरतं. वरून पडणारा उजेड भेगा लपवतो, तिरपा उजेड सावली पाडून त्या दाखवतो.

चांगल्या जोडाची बाजू आत वळलेली असते, कडा पॅडवर पातळ होत मिटते आणि सोल्डरखाली पिनेचा आकार ओळखू येतो. फुगलेला गोळा म्हणजे सोल्डर जास्त पडलंय किंवा चिकटलेलंच नाही. लेडवालं (शिसं असलेलं) सोल्डर चकचकीत हवं. लेड-फ्री मात्र मुळातच जरा मळकट, दाणेदार दिसतं. केवळ चमक नाही म्हणून लेड-फ्री जोड रिजेक्ट करून पुन्हा तापवणं म्हणजे चांगला जोड बिघडवणं.

गोळा दिसला की तो कोणाला चिकटला नाही ते बघा, कारण पुढचा उपाय त्यावरच ठरतो. पिनेवर सोल्डर चढलंय पण पॅडवर नुसतं टेकलंय, तर पॅडला उष्णता पोचली नाही किंवा पॅड मळलेलं आहे. ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेल्या पॅडवर हे हमखास होतं, कारण तांबं उष्णता ओढून घेतं. पॅड छान भिजलंय पण पिनेभोवती काळी रेघ आहे, तर पिनेवर गंज आहे, जुना स्टॉक. दोन्हीकडे चिकटलंय पण पिनेभोवती गोल भेग आहे, तर जोड बनताना चांगला होता, नंतर तुटला. रिले आणि टर्मिनलवर ही गोल भेग सर्रास दिसते. टर्मिनलचा स्क्रू कसताना पूर्ण जोर जोडावर येतो, रिले दर वेळी आतून ठोका देतो, आणि दिवस-रात्रीच्या तापमानाने पिन-पॅड कमीजास्त फुगतात. अशा जागी जास्त सोल्डर घालून भागत नाही. टर्मिनल कार्डाला पूर्ण टेकवून सोल्डर करा आणि वायर कसताना टर्मिनलचा प्लॅस्टिक भाग बोटांत धरा. पॅड लहान असेल तर पुढच्या डिझाइनला मोठं करा.

जोडातली टाचणीएवढी भोकं म्हणजे कार्डाच्या लॅमिनेटमधला ओलावा वाफ होऊन बाहेर पडलेला असतो. ती वरून बुजवू नका. कार्डं सोल्डरिंगआधी वाळवणं हाच उपाय, त्याबद्दल पुढे.

प्लेटेड (आतून तांब्याचा मुलामा दिलेलं) भोक असलेल्या दुहेरी कार्डात वरच्या बाजूनेही बघा. आयपीसी-ए-६१० हे जोड तपासायचं सर्वमान्य मानक. कडक दर्जासाठी ते भोकाची उंची किमान ७५ टक्के सोल्डरने भरलेली मागतं. खालून सुरेख दिसणारा जोड आत अर्धा रिकामा असू शकतो.

३. ठोकणं आणि गरम करणं

हे मेन्सवर करू नका. १२ व्होल्टच्या बेंच सप्लायवरून कार्डाचा कमी व्होल्टेजचा भाग चालवा. कोरड्या लाकडी काडीने एकेका भागावर हलकेच टिचक्या मारा. प्लॅस्टिकची पट्टी किंवा पेनाचं टोपण वापरू नका, त्यांवर घासून चार्ज साठतो.

मग साधा हेअर ड्रायर. एका वेळी एकच कोपरा तापवा, एक-दोन मिनिटं थांबा. दोष ज्या कोपऱ्यात जागा होतो तिथलेच जोड भिंगाखाली घ्या. थंड करायला फ्रीझ स्प्रे वापरायचा असेल तर स्टॅटिकसाठी सुरक्षित असा लेबल असलेलाच घ्या. साध्या स्प्रेच्या फवाऱ्याने चार्ज तयार होतो, आणि दोष शोधायच्या नादात चांगला आयसी जातो.

४. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश

आयसी बदलण्याआधी हे कराच, बाटली एका आयसीपेक्षा स्वस्त पडते. संशयित भाग ब्रशने धुवा, लिंट न सोडणाऱ्या कापडाने टिपून घ्या, मग कार्ड ६० अंशांवर तासभर वाळवा. धुण्याआधी आणि नंतर तेच मोजमाप घ्या. गळती गेली तर दोष फ्लक्सचा होता. राहिली तर आयसीकडे वळा. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे आयर्न बंद आणि खिडकी उघडी ठेवा.

‘नो-क्लीन’ फ्लक्सचं नाव ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. नो-क्लीन फ्लक्स पूर्ण तापला तरच निरुपद्रवी होतो. ब्रशने भरपूर लावून कडेला कच्चा राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात ओल धरतो आणि उच्च रोधाच्या पिनांमध्ये करंट गळतो. पत्र्याच्या कामाचा ॲसिड फ्लक्स इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलाजवळही ठेवू नका. तो तांबं खातच राहतो.

५. मल्टिमीटरचा डायोड मोड

स्टॅटिकचा संशय इथे पक्का होतो किंवा फिटतो. एक चांगलं कार्ड आणि एक परत आलेलं कार्ड शेजारी ठेवा, दोन्हींची वीज बंद. लाल प्रोब ग्राउंडला, काळा प्रोब मायक्रोकंट्रोलरच्या एकेका पिनेला. बहुतेक पिनांमध्ये संरक्षक डायोड असतो, म्हणून साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसतात. चांगल्या कार्डाचे आकडे कागदावर उतरवा आणि मग दुसरं मोजा. एखाद्या पिनेवर ०.१ किंवा शून्याजवळ येत असेल, किंवा चांगल्या कार्डावर आकडा असताना इथे काहीच दिसत नसेल, तर पिनेचं आतलं संरक्षण गेलं आहे. एकाच कार्डावरून निष्कर्ष काढू नका, पिनेला जोडलेले बाकीचे भागही आकडा बदलतात. तुलना महत्त्वाची.

मॉस्फेट सोडवून गेट आणि सोर्समध्ये ओहम मोजा. चांगल्या मॉस्फेटमध्ये मीटर काहीच दाखवत नाही. काही किलो-ओहम दिसले तर गेट फाटलं आहे. बहुतेक पॉवर मॉस्फेटचं गेट २० व्होल्टच्या वर सहन करण्याची हमी देत नाही, आणि माणसाला स्टॅटिकचा झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टपासून. म्हणजे कोणालाही काहीही न जाणवता शेकडो व्होल्ट पिनेत उतरू शकतात. ‘आम्हाला कधी झटका बसत नाही’ हे म्हणूनच पुरावा ठरत नाही.

इथपर्यंत फक्त कार्ड तपासलं. कारण कळलं असेल तर आता ज्या टेबलावर ते बनलं तिकडे चला.

६. बिट, तापमान आणि वायर

बिट काळं आणि खडबडीत असेल तर बाकी काही तपासायच्या आधी ते बदला. बिटवरचा लोखंडी मुलामा हीच त्याची जान असते. कानशीने घासलं की मुलामा जातो, आतलं तांबं उघडं पडतं आणि सोल्डर ते विरघळवून खड्डे पाडतं. त्या खड्ड्यांतून उष्णता नीट उतरत नाही, मग ऑपरेटर तापमान वाढवतो, फ्लक्स जळतो, बिट आणखी काळं पडतं. कानस टेबलावरून काढून टाका. पितळी तारेचा गुंता किंवा ओलसर स्पंज ठेवा. पिळल्यावर पाणी गळणार नाही इतपतच ओला. प्रत्येक जोडाच्या आधी बिट पुसा. जागेवर ठेवताना मात्र न पुसता, टोकाला सोल्डर लावूनच ठेवा, म्हणजे हवा लागत नाही.

६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांवर वितळतं, लेड-फ्रीचं नेहमीचं मिश्रण २१७ ते २२० अंशांवर. पहिल्यासाठी बिट ३२० ते ३५०, दुसऱ्यासाठी ३५० ते ३८० पुरतं. जोड २ ते ४ सेकंदांत झाला पाहिजे. होत नसेल तर तापमान ४२० करू नका, रुंद छिन्नीच्या टोकाचं बिट लावा. सुईसारखं टोकदार बिट दिसायला नाजूक कामाचं वाटतं, पण रिलेच्या जाड पिनेला त्याचा स्पर्शच तोकडा पडतो. जास्त तापमानात पॅड कार्डावरून उचलतं, आणि तो दोष टच-अपने कधीच दुरुस्त होत नाही. स्टेशनच्या पडद्यावरच्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नका. बिटच्या टोकाचं तापमान मोजणारा थर्मामीटर महिन्यातून एकदा फिरवला तरी पुरे.

हात कसा चालतो तेही पाहा. बिट पिनेला आणि पॅडला एकदम टेकलं पाहिजे, वायर जोडाला द्यायची. बिटवर सोल्डर घेऊन ते जोडावर नेऊन ठेवलं की वायरमधला फ्लक्स वाटेतच उडून जातो आणि मग गोळा बसतो. सोल्डर गोठेपर्यंत, म्हणजे एक-दोन सेकंद, भाग हलता कामा नये.

वायर हा दुर्लक्षित संशयित. ‘६०/४०’ छापलेल्या स्वस्त रिळात कथील खरंच तितकं आहे का? ६०/४० जवळजवळ एकदम गोठतं. ४०/६० मात्र १८३ ते २३८ अंशांच्या दरम्यान लगद्यासारखं राहतं, आणि त्या अवस्थेत हात हलला की जोडात भेग राहते. नवं रीळ आलं की जुन्या खात्रीच्या रिळाशेजारी दोन जोड करून बघा. गोठायला स्पष्ट जास्त वेळ लागला तर ते रीळ कार्डांवर वापरू नका. लेडवालं आणि लेड-फ्री यांची बिटं, रिळं, ट्रे वेगळे ठेवा.

७. मनगटाचा पट्टा, मॅट आणि टेबलावरचा पसारा

रिस्ट स्ट्रॅपमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो माणसाच्या जिवासाठी आहे : चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्याच्या वाटेने पाव मिलीअँपियरपेक्षा कमी करंट जातो. चार्ज उतरायला तेवढा रोध आड येत नाही. म्हणून मनगटाला साधी वायर बांधून ती अर्थिंगला जोडण्याचा प्रकार दिसला तर काम तिथेच थांबवा.

रोज शिफ्ट सुरू होताना पट्टा घालून तपासायचा. टेस्टर नसेल तर एक प्रोब दुसऱ्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा, दुसरा पट्ट्याच्या प्लगला. साधारण १ ते १० मेगाओहम यायला हवेत, स्टॅटिकच्या मानकाची कमाल मर्यादा ३५ मेगाओहम आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर आतून तुटली आहे, किंवा पट्टा कातडीला टेकतच नाही. तो बाहीवर, बांगड्यांवर किंवा घड्याळावर चढवलेला असतो, किंवा ढिला असतो. हिवाळ्यात कोरड्या कातडीनेही रोध वाढतो. त्यासाठी स्टॅटिकच्या कामाचं लोशन मिळतं. घरचं क्रीम लावू नका, त्याचा थर पॅडवर गेला की सोल्डर चिकटत नाही. रोध १ मेगाओहमपेक्षा बराच कमी आला तर आतला रेझिस्टर शॉर्ट झाला आहे, तो पट्टा फेकून द्या.

पट्टा फक्त शरीर रिकामं करतो, कपडे नाहीत. नायलॉन-पॉलिस्टरची साडी, ओढणी, स्वेटर कार्डावरून घासत जात असेल तर वर स्टॅटिकचा कोट हवा, पुढून बंद केलेला.

मॅटचा रोध १ मेगाओहम ते १००० मेगाओहमच्या दरम्यान हवा. तो साध्या मल्टिमीटरने नीट मोजता येत नाही, कारण मानक चाचणी १० किंवा १०० व्होल्टवर आणि सव्वादोन किलोच्या वजनदार इलेक्ट्रोडने होते. मीटरने रीडिंग दिलं नाही म्हणून मॅट टाकून देऊ नका. घरी एवढंच बघा : मॅटच्या स्नॅप बटणापासून अर्थिंगपर्यंतची वायर सलग आहे का, आणि मॅट मेणाच्या पॉलिशने तर पुसली जात नाही ना. चार मॅटा एकीला एक जोडून शेवटची अर्थिंगला लावू नका. मधली एक सुटली की मागच्या सगळ्या अधांतरी. प्रत्येकीची वायर थेट अर्थिंगच्या पट्टीवर आणा.

मग टेबलावर काय पडलंय ते बघा. थर्माकोल, चिकटपट्टीचं रीळ, प्लॅस्टिकची पिशवी, पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा चहाचा कप. यांतलं काहीही कार्डापासून ३० सेंटिमीटरच्या आत नको. अर्थिंगला जोडून या वस्तू रिकाम्या होत नाहीत, कारण त्या वाहकच नाहीत. चिकटपट्टी ओढून काढताना हजारो व्होल्ट तयार होतात. ती कार्डाशेजारी सोलायचीच नाही. आयसीच्या पिशव्यांतही फरक आहे. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही, पण बाहेरचा झटका अडवत नाही. टेबलाबाहेर जाणारं कार्ड चंदेरी शील्डिंग पिशवीत, तोंड दुमडून. थर्माकोलच्या खोक्यात उघडं कार्ड पाठवलं तर टेबलावरची सगळी काळजी वाया.

उन्हाळ्यात कूलर लावून किंवा फरशीवर पाणी मारून हवा दमट करतात. ४० ते ६० टक्के आर्द्रता ठेवली तर चार्ज कमी तयार होतो, हे खरं. पण कूलरचा झोत ओली धूळ थेट कार्डावर आणतो. त्याचं तोंड टेबलाकडे नको, आणि त्याच्या भरवशावर पट्टा काढायचा नाही.

८. आयर्नची गळती आणि अर्थिंग

बिट तापवा, प्लग काढा आणि लगेच बिट ते प्लगची अर्थ पिन मोजा. स्टेशन चांगलं असेल तर २ ओहमच्या आत येतं. जास्त येत असेल तर बिट आणि हीटरच्या नळीमधली काजळी साफ करा. दोन पिनांच्या स्वस्त आयर्नला ही वाटच नसते. चालू असताना त्याच्या बिटवर आणि अर्थिंगमध्ये एसी मोजलं तर कित्येकदा ५० ते १०० व्होल्ट दिसतात. करंट नगण्य असतो, हाताला कळत नाही, पण मॉस्फेटच्या गेटला पुरतो. असं आयर्न कंट्रोल कार्डाच्या टेबलावर नको.

पट्टा, मॅट आणि स्टेशन हे सगळं शेवटी सॉकेटच्या अर्थिंगवर उभं असतं. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत असायला हवं. फेज-अर्थ बरंच कमी किंवा झुलतं असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे. शेडमध्ये लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य येत असेल तर कोणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवल्याचा संशय घ्या. न्यूट्रल कुठे तुटला तर सगळ्या पट्ट्यांवर आणि स्टेशनच्या बॉडीवर मेन्स येईल. इथे थांबा. मेन्सचं मोजमाप करायचा सराव नसेल तर हे मोजायलाही परवानाधारक वायरमन बोलवा. अर्थिंगचा खड्डा, पट्टी, रोधाची चाचणी ही त्याचीच कामं. नळाच्या पाइपाला वायर गुंडाळून मिळवलेलं ‘अर्थिंग’ चालणार नाही.

९. माल आणि साठवण

पिनेभोवती काळी रेघ दिसणारे भाग स्टॉकमधून चार-पाच काढा, पिना फ्लक्समध्ये बुडवून त्यांवर थेट सोल्डर धरा. सोल्डर सलग न पसरता थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर तो लॉट परत करा. कार्डाच्या तांब्यावर ओएसपी (तांबं गंजू न देणारा पातळ सेंद्रिय थर) मुलामा असेल तर तो सोल्डर लावलेल्या मुलाम्यापेक्षा लवकर खराब होतो. पॅकिंग फोडल्यावर राहिलेली कार्डं पुन्हा सील करा, आणि पॅडला उघड्या बोटांनी हात लावू नका. घाम आणि तेल दोन्ही सोल्डरचे शत्रू.

भोकं पडत असतील तर कार्डं सोल्डरिंगआधी १०५ ते १२० अंशांवर २ ते ४ तास वाळवा आणि त्याच दिवशी वापरा. ओएसपीची कार्डं अशी भाजली की मुलामा बिघडतो, त्यामुळे आधी पुरवठादाराला विचारा.

सोल्डर पेस्ट वापरत असाल तर फ्रीजमधून काढल्यावर बंद डबी किमान ४ तास खोलीत ठेवा. पावसाळ्यात थंड डबी लगेच उघडली की आत दव धरतं आणि रिफ्लोमध्ये (भट्टीत पेस्ट वितळवताना) सोल्डरचे बारीक मणी उडतात. ओलाव्याला संवेदनशील आयसींच्या पिशवीवर पातळी छापलेली असते. पातळी ३ म्हणजे पिशवी उघडल्यापासून १६८ तास, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैत शेडची आर्द्रता त्याच्या वरच असते, त्यामुळे हा वेळ आणखी कमी धरा. हाताने आयर्नने लावताना याचा धोका कमी. एसएमडी (भोकांशिवाय कार्डाच्या पृष्ठावर भाग बसवायचं) काम बाहेरून करून घेत असाल तर मात्र उघडलेल्या पिशव्या ते कशा ठेवतात हे जाऊन बघा.

कुठे थांबायचं

अर्थिंगबद्दल वर सांगितलं, त्यात तडजोड नाही. त्याशिवाय पुढच्या वेळी काम स्वतः ओढू नका.

आयसीच्या पोटाखाली जोड आहेत, दिसत नाहीत, आणि बाकी सगळं ठीक निघालं, तर एक्स-रे असलेल्या असेंब्ली हाउसकडे द्या. हॉट एअर मारून नशीब आजमावलं की शेजारचे जोडही हलतात. एकाच पॅडवर दोनदा रीवर्क झालं असेल तर तिसऱ्यांदा नको. कार्ड बाद करा, किंवा ट्रॅक-पॅड दुरुस्तीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे पाठवा. पट्टे, मॅट, आयर्न सगळं मर्यादेत असूनही विखुरलेल्या पिना मरत राहिल्या, तर फील्ड मीटर (वस्तूवरचा चार्ज दाखवणारं मीटर) आणि वजनदार इलेक्ट्रोड असलेल्या स्टॅटिक ऑडिटरला बोलवा. कन्व्हेअर, काचेचं कव्हर, दाबाच्या हवेचं नोझल असे स्रोत मल्टिमीटरला दिसत नाहीत. आणि कार्ड वैद्यकीय उपकरणात, लिफ्टमध्ये किंवा गाडीच्या ब्रेकमध्ये जाणार असेल तर घरची दुरुस्ती करून ते परत पाठवायचं नाही, मग ते टेबलावर कितीही नीट चालत असलं तरी.

बाकी कार्डांना आता बिट लावायला हरकत नाही : ज्या जोडात दोष सापडला त्यालाच. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) काढा, फ्लक्स लावा, नवं सोल्डर द्या, अल्कोहोलने पुसा, आणि त्या जोडाचं नाव तारखेसह वहीत लिहा.